बागेतील किडींवर मित्रकीटक: ओळखण्यापासून सोडण्यापर्यंत

मित्रकीटक, म्हणजे किडींना मारणारे कीटक, विकत आणून झाडांवर सोडणे ही या पद्धतीतली शेवटची पायरी आहे, आणि पुष्कळ बागांना त्या पायरीपर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. ज्या बागेत विषारी फवारणी थांबली आहे आणि थोडीफार फुले आहेत, तिथे मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपाच्या अळ्या, सिरफिड माश्या आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, किडीच्या अंगात वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या आपणहून वावरत असतात. त्यांना आपण ओळखत नाही, म्हणून किडीबरोबर त्यांनाही मारतो. त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवावा: आधी किडीची आणि तिच्या शत्रूची ओळख, मग त्या शत्रूला मारणे थांबवणे, मग त्याच्या खाण्याची व राहण्याची सोय, आणि एवढे करूनही कीड आटोक्यात आली नाही तरच बाहेरून मित्रकीटक आणणे. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, कारण सोडलेले कीटक उपाशी मरतात, विषाने मरतात किंवा उडून जातात.

किडीची नेमकी ओळख

बहुतेक मित्रकीटकांचे खाणे ठरावीक असते. पांढऱ्या माशीवर जगणारी गांधीलमाशी माव्याकडे पाहतही नाही, आणि पतंगाच्या अंड्यांवर वाढणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी मोठ्या झालेल्या अळीचे काहीही करू शकत नाही. म्हणून ‘झाडाला कीड लागली आहे’ एवढी माहिती पुरत नाही. दहापट मोठे दिसेल असे एक साधे भिंग जवळ ठेवावे आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी, झाडांच्या पानांची खालची बाजू, कोवळे शेंडे आणि पानांचे बगल तपासावेत.

कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेले, पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या असलेले मऊ किडे म्हणजे मावा. झाड हलवताच पांढरा भुरका उडाला तर पांढरी माशी. पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. पान वरून बारीक पांढुरक्या ठिपक्यांनी भरले असेल आणि खालच्या बाजूला तलम जाळी असेल तर लाल कोळी, म्हणजे रस शोषणारा बारीक कोळीकिडा. पाने चंदेरी, ओरखडल्यासारखी दिसत असतील व त्यांवर विष्ठेचे काळे ठिपके असतील तर फुलकिडे. पानांना भोके पडली असतील आणि आसपास विष्ठेच्या गोळ्या असतील तर अळी शोधावी. दिवसा ती सापडली नाही तर रात्री विजेरी घेऊन शोधावी. पाने चिकट व वर काजळी चढलेली असतील तर रस शोषणारी कीड वरच्या पानांत आहे, असे समजावे.

मित्रकीटकाची ओळख, विशेषतः त्याच्या बालपणाची

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देण्यास सांगेन. प्रौढ ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. पण त्याची अळी पाहून अनेक जण तिला नवी कीड समजतात आणि चिरडतात. ही अळी लांबट, राखाडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सहा पायांवर भराभर चालणारी असते. तिची अंडी पिवळी, टोकदार आणि पानाच्या खालच्या बाजूला उभी रचून ठेवल्यासारखी घोळक्याने दिसतात. अळी कोषात जाईपर्यंत काही शे मावा खाते. भूक सर्वांत मोठी असते ती शेवटच्या अवस्थेत. कोषही अनेकदा पानाला चिकटलेला नारिंगी गोळा म्हणून खरवडून टाकला जातो. तसे करू नये.

इथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. वांगी, बटाटा आणि काकडीवर्गीय वेलींवर येणारा एक ढालकिडा पाने खातो. त्याच्या पाठीवर चकाकी नसते, बारीक लव असल्यामुळे ती मळकट तांबूस दिसते आणि ठिपके बरेच असतात. त्याची अळी पिवळट असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. शिरा शिल्लक ठेवून मधला हिरवा भाग खरवडलेला, जाळीसारखे झालेले पान ही त्याची खूण आहे. चकचकीत पाठ आणि जवळपास मावा असेल तर तो मित्र. मळकट पाठ आणि जाळीदार पाने असतील तर शत्रू.

क्रायसोपा म्हणजे नाजूक, फिकट हिरवा, जाळीदार पंखांचा आणि सोनेरी डोळ्यांचा कीटक. त्याच्या अंड्याइतकी सोपी ओळख दुसरी नाही: केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर एकेक अंडे उभे असते. अंड्यातून आधी निघालेल्या अळीने शेजारच्या अंड्यांवर ताव मारू नये, यासाठी या देठांचा उपयोग होतो. अळी तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती असते. तिच्या तोंडाशी विळ्यासारखे दोन जबडे असतात आणि त्यांनी ती भक्ष्यातला रस शोषते. मावा, फुलकिडे, पांढऱ्या माशीची पिल्ले, लहान अळ्या, पतंगांची अंडी असे तिला पुष्कळ काही चालते. सर्वांत परिचित जातीचे प्रौढ मात्र मकरंद, परागकण आणि माव्याचा गोड स्राव यांवर जगतात. म्हणजे फुले नसलेल्या बागेत ते टिकत नाहीत.

सिरफिड माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी दिसते, पण तिला पंखांची एकच जोडी असते, ती डंख मारत नाही आणि फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहू शकते. तिची पांढरी, लांबट अंडी माव्याच्या पुंजक्यात एकेकटी सापडतात. अळीला पाय नसतात. डोक्याकडे निमुळती, हिरवट किंवा तपकिरी अशी ती माव्याच्या गर्दीत सहज लपते आणि बऱ्याचदा रात्री खाते. मावा कमी होत आहे पण खाणारा दिसत नाही, असे झाले तर बहुधा तीच काम करत असते.

परोपजीवी गांधीलमाश्या माणसाला डंख मारत नाहीत, आणि त्या स्वतः फारशा दिसतही नाहीत. दिसते ते त्यांचे काम. माव्याच्या घोळक्यात काही मावा फुगलेला, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसतो. त्याच्या आत गांधीलमाशीची अळी वाढत असते, आणि पुढे पाठीवर गोल भोक पाडून प्रौढ माशी बाहेर पडते. पांढऱ्या माशीची पिल्ले काळी पडलेली दिसली तर तीही अशाच माशीने व्यापलेली असतात. अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले असतील तर ती अळी मारू नये, हलवूही नये. तिचे खाणे जवळपास थांबलेले असते, आणि त्या कोषांतून पुढच्या अळ्यांसाठीचे शत्रू निघणार असतात.

यांशिवाय फुलकिडे खाणारा चिमुकला ओरियस ढेकूण, जमिनीवर रात्री शिकार करणारे काळे भुंगेरे, आणि कीटक नसले तरी या कामात मोलाचे असलेले कोळी व भक्षक कोळीकिडे हेही ओळखून ठेवावेत. प्रार्थना कीटकाविषयी मात्र माझे मत सावध आहे. तो समोर येईल ते खातो, त्यात मधमाशी आणि सिरफिड माशीही येते. बागेत आपणहून आला तर राहू द्यावा. मुद्दाम विकत आणू नये.

मारणे थांबवणे

मित्रकीटकांच्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण याच मुद्द्याशी येऊन मिळते. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळबागा 1880 च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका कापशी खवले किडीने उद्ध्वस्त होत होत्या. 1888 मध्ये कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. त्यांनी तिथून पाठवलेल्या लाल-काळ्या व्हेडेलिया ढालकिड्यांनी दोनेक वर्षांत ती कीड आटोक्यात आणली. पुढे 1940 च्या दशकात त्याच भागात डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली, ढालकिडे मेले आणि दबलेली खवले कीड पुन्हा उसळली. फवारणी थांबवून ढालकिडे परत आणल्यावरच ती खाली गेली. बागेतही हेच लहान प्रमाणात घडते. मावा मीलनाशिवाय थेट पिल्ले देतो आणि ती पिल्ले आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. फवारणीने दोघेही मेले तर आधी परततो तो मावा, आणि तेव्हा त्याला खाणारा कोणीच उरलेला नसतो.

पायरेथ्रॉइड गटातील आणि इतर व्यापक मारा करणारी कीटकनाशके पूर्णपणे बंद करावीत. त्यांचा अंश पानांवर कित्येक आठवडे राहू शकतो. मुळांतून शोषली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे मकरंदात व परागकणांतही उतरतात, त्यामुळे फुलांवर येणारे प्रौढ मित्रकीटक त्यांत सापडतात. रोपवाटिकेतून नवे रोप आणताना त्यावर असे औषध वापरले आहे का, हे विचारून घ्यावे.

ज्यांना सुरक्षित मानले जाते त्यांचाही हिशोब ठेवावा लागतो. साबणाचे पाणी ज्याच्या अंगावर पडेल त्यालाच मारते आणि वाळल्यावर निरुपद्रवी होते; म्हणून ते सबंध झाडावर न फवारता फक्त माव्याने गच्च भरलेल्या शेंड्यावर, ढालकिड्याची अंडी-अळ्या नाहीत हे पाहून वापरावे. कडुनिंबाचा अर्क किडीबरोबरच मित्रकीटकांच्या कोवळ्या अळ्यांनाही बाधू शकतो. गंधकाची भुकटी भक्षक कोळीकिड्यांना घातक ठरते. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बीटी हे जिवाणूजन्य औषध मात्र या पद्धतीशी चांगले जुळते, कारण अळ्यांसाठीचा त्याचा प्रकार पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांपुरताच काम करतो. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा. त्याने मावा आणि लाल कोळी मोठ्या प्रमाणात खाली पडतात, आणि पानांवरची धूळही जाते. धुळीने माखलेल्या पानांवर परोपजीवी माश्यांना भक्ष्य शोधणे कठीण होते.

मुंग्यांचा बंदोबस्त

ही पायरी सोडून दिल्यामुळे फसलेले प्रयत्न फार आहेत. मावा, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावतात, त्यांची अंडी पळवतात. खोडावर वर-खाली जाणारी मुंग्यांची रांग दिसली तर इतर काहीही करण्याआधी ती तोडावी. खोडाभोवती कापडाची किंवा कागदाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर न वाळणारा चिकट लेप द्यावा. लेप थेट सालीवर लावू नये. शेजारच्या झाडाला, भिंतीला किंवा जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या पट्टी टाळून दुसऱ्या वाटेने चढतात. कुंड्या असतील तर त्यांचे पाय पाण्याच्या बशीत ठेवावेत. वाट बंद झाल्यावर आधीच वर असलेल्या मुंग्या फांद्या हलवून किंवा पाण्याने खाली पाडाव्यात.

खाद्य, पाणी आणि आसरा

लहान तोंडाच्या कीटकांना लहान, उघडी फुले लागतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि गाजर फुलावर येऊ दिले तर त्यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यांवर परोपजीवी माश्या व सिरफिड माश्या गर्दी करतात. मोहरी, तुळस, सूर्यफूल, कॉसमॉस आणि गोड अ‍ॅलिसम हीदेखील उपयोगी आहेत. चवळीच्या फुलाबाहेरही मकरंद पाझरणाऱ्या ग्रंथी असतात आणि तिच्यावर येणारा मावा ढालकिड्यांना ओढून आणतो. दुहेरी पाकळ्यांच्या शोभिवंत जाती टाळाव्यात, कारण त्यांत मकरंदापर्यंत पोहोचणे कठीण असते.

फुलांची पेरणी एकदम करू नये. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे बी टाकले तर फुलोरा सलग राहतो, आणि कीड नसलेल्या काळातही प्रौढ मित्रकीटक बाग सोडून जात नाहीत. फुलांचे पट्टे भाजीच्या वाफ्यांपासून काही पावलांच्या आत असावेत. बागेच्या दूरच्या कोपऱ्यात एकच मोठा ताटवा लावण्यापेक्षा वाफ्यांच्या कडेने चार ठिकाणी फुले असलेली बरी. खडे भरलेल्या उथळ बशीत पाणी ठेवावे. जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन राहू दिले तर भुंगेरे आणि कोळी तिथे राहतात. हंगाम संपल्यावर सगळी वाळकी खोडे उपटून बाग एकदम साफ करण्याचा मोह आवरावा. रोगट भाग तेवढा काढावा.

याच टप्प्यावर खताकडेही पाहावे. नत्र जास्त झाल्यास झाडाला लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा वेगाने वाढतो. कितीही मित्रकीटक असले तरी अशा झाडावर ते मागे पडतात.

वाट पाहण्याची मर्यादा

मित्रकीटकांना किडीवरच जगायचे असते, म्हणून बागेत थोडी कीड असणे आवश्यक आहे, आणि हे मनापासून स्वीकारल्याशिवाय ही पद्धत चालत नाही. मावा आधी वाढतो, शत्रू त्याच्यामागून येतात. मधले दोन आठवडे सर्वांत अस्वस्थ करणारे असतात. त्या काळात ठरवून ठेवलेली दहा झाडे दर आठवड्याला तपासावीत आणि प्रत्येक झाडासाठी दोन गोष्टी लिहाव्यात: कीड किती आणि तिचे शत्रू किती. अंडी, अळ्या, कोष, फुगलेला मावा हे सारे शत्रूंच्या रकान्यात मोजावे. कीड वाढते आहे पण शत्रूही वाढत आहेत, असे दिसले तर थांबावे. कीड वाढते आहे आणि दोन तपासण्यांत शत्रूचा मागमूस नाही, तेव्हा बाहेरून आणण्याचा विचार करावा. कोवळी रोपे मात्र एवढी वाट पाहू शकत नाहीत. त्यांच्यावरची कीड हाताने किंवा पाण्याने काढावी.

बाहेरून आणून सोडणे

निवड किडीप्रमाणे करावी. माव्यासाठी क्रायसोपाची अंडी किंवा अळ्या चांगल्या, कारण अळीला पंख नसतात आणि ती जिथे सोडली तिथेच खाते. रानातून गोळा करून विकले जाणारे प्रौढ ढालकिडे मी सुचवणार नाही. ते बहुतेक लवकरच उडून जातात, आणि त्यांच्याबरोबर रोग व परोपजीवीही येऊ शकतात. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस हा ऑस्ट्रेलियन भुंगेरा उत्तम आहे. त्याची अळी अंगभर पांढऱ्या मेणाचे धागे वागवते आणि स्वतःच मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती मारली जाऊ नये म्हणून घरातल्या सर्वांना आधी दाखवून ठेवावी. साधारण 20 ते 28 अंश सेल्सिअस तापमानात तो जोमाने काम करतो, थंडीत मंदावतो. काचघरातील किंवा जाळीघरातील पांढऱ्या माशीसाठी एन्कार्सिया गांधीलमाशी वापरतात. इंग्लंडमधील काचघरांत तिचा वापर 1920 च्या दशकातच सुरू झाला होता. लाल कोळ्यासाठी फायटोसियुलस हा भक्षक कोळीकिडा आहे, पण त्याला दमट हवा लागते. कोरड्या दिवसांत पानांवर पाणी शिंपडत राहिले नाही तर त्याची अंडी सुकतात. अळ्यांसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे, म्हणजे तिने व्यापलेली अंडी चिकटवलेले कागद, मिळतात. तिचा उपयोग पतंग अंडी घालत असतानाच होतो, म्हणून पतंग दिसू लागताच पहिले कार्ड लावावे आणि आठवड्याच्या अंतराने आणखी दोन-तीन वेळा लावावे.

मागणी नोंदवण्यापूर्वी तो कीटक आपल्या प्रदेशात मूळचा आहे किंवा सोडण्यास अधिकृत परवानगी असलेला आहे, याची खात्री करावी. हार्लेक्विन नावाचा आशियाई ढालकिडा कीडनियंत्रणासाठी उत्तर अमेरिकेत आणि युरोपात सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या ढालकिड्यांना भारी पडला. परक्या मुलखातला कीटक स्वतः होऊन कधीही आणू नये.

पार्सल येईल त्या दिवशीच उघडावे. भिंगाखाली पाहून कीटक जिवंत आणि हालचाल करणारे आहेत, हे तपासावे. त्याच दिवशी सोडणे शक्य नसेल तर विक्रेत्याने सांगितलेल्या तापमानात, सावलीत ठेवावे. उन्हात किंवा बंद वाहनात ठेवलेली डबी काही मिनिटांत निकामी होते. एन्कार्सिया किंवा माव्यावरील गांधीलमाश्या सोडायच्या असतील तर पिवळे चिकट सापळे आधी काढावेत, कारण त्या माश्याही त्यांना चिकटतात.

सोडण्याची वेळ संध्याकाळची. आधी झाडांना पाणी द्यावे म्हणजे पाने ओलसर राहतात, आणि वारा किंवा जोराचा पाऊस अपेक्षित असेल तर एक दिवस थांबावे. क्रायसोपाच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून त्या एका जागी ओतू नयेत. ज्या भुशात त्या येतात त्यासकट हलक्या हाताने झाडोझाडी, माव्याच्या पुंजक्यांजवळ पसरवाव्यात. क्रिप्टोलेमस प्रत्येक कीडग्रस्त झाडावर दोन ते पाच या प्रमाणात थेट पुंजक्यांवर सोडावा, आणि शक्य असेल तर झाडावर दोन-तीन दिवस तलम जाळी टाकावी. कार्डे पानांच्या खालच्या बाजूला, उन्हापासून व मुंग्यांपासून सुरक्षित लावावीत. कीड हाताबाहेर गेलेली असेल तर सोडण्याच्या आदल्या दिवशी सर्वांत खराब शेंडे छाटून आणि पाण्याचा फवारा मारून तिचा भार कमी करावा. थोड्या मित्रकीटकांपुढे किडीचा डोंगर ठेवला तर ते पुरे पडत नाहीत.

सोडल्यानंतरची तपासणी

पहिल्या आठवड्यात कीड कमी झालेली दिसेलच असे नाही. त्याऐवजी खुणा शोधाव्यात: पिठ्या ढेकणाच्या पुंजक्यांत धागेदार अळ्या, काळी पडलेली पांढऱ्या माशीची पिल्ले, माव्याच्या सुरकुतलेल्या कातड्या, पतंगाच्या अंड्यांचा काळा रंग. ट्रायकोग्रामाने व्यापलेली अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात. एन्कार्सियाचा परिणाम दिसण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. या मुदतीत एकही खूण सापडली नाही तर पुन्हा तेच कीटक मागवण्याआधी कारण शोधावे. मुंग्या परत चढल्या आहेत का, शेजारून फवारणीचा तुषार येतो का, हवा फार कोरडी किंवा थंड आहे का, कीड ओळखण्यात चूक झाली आहे का, हे याच क्रमाने तपासावे. कारण सापडले आणि दूर झाले, तर दुसऱ्या वेळी निम्म्या झाडांवर सोडून आधी निकाल पाहावा आणि मगच उरलेल्या झाडांसाठी मागणी नोंदवावी.